१६८ तासांचा ताळेबंद



वाणिज्य शाखेत शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी हल्ली एक तक्रार वारंवार ऐकू येते. मूल पहाटे उठते, रात्री उशिरा निजते, दिवसभर पुस्तके आणि क्लास यांतच असते. तरीही अभ्यास उरतोच. आईवडिलांना वाटते, मन एकाग्र होत नसावे. मुलाला वाटते, आपल्यातच काही उणे आहे. दोघांचाही रोख मुलाच्या स्वभावाकडे असतो. कामाच्या एकूण मापाकडे कोणी पाहत नाही.

बँकेत एखादे कर्जखाते थकले, की जाणता अधिकारी कर्जदाराला आळशी ठरवण्यापूर्वी मंजुरीची कागदपत्रे पुन्हा उघडतो. याच्या ऐपतीपेक्षा कर्ज अधिक तर दिले गेले नाही ना, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. विद्यार्थ्याच्या बाबतीतही आरंभ येथूनच करावा.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारे उदाहरण घेऊ. बी.कॉम.चे दुसरे वर्ष आणि सोबत सी.ए. इंटरमिजिएटची तयारी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात पदवीच्या एका सत्राला साधारणतः २२ क्रेडिट असतात. एका क्रेडिटसाठी वर्गातील शिकवणी, स्वतःचा अभ्यास, प्रकल्प असे सर्व मिळून ३० तास धरले जातात. म्हणजे एका सत्राचे ६६० तास झाले. सत्राचे अध्यापन सुमारे १५ आठवड्यांचे धरले, तर आठवड्याला ४४ तास एकट्या बी.कॉम.चे होतात. ‘बी.कॉम. काय, होऊन जाते’ असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात घ्यावा. अंतर्गत मूल्यमापन आणि सत्र परीक्षा यांमुळे वर्षअखेरीस महिनाभर वाचून निभावण्याचे दिवस मागे पडले आहेत.

आता आठवड्याचा ताळेबंद मांडू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तासांची झोप धरली, तर ४९ तास गेले. स्नान, जेवण, देवदर्शन यांसाठी रोज तीन तास, म्हणजे २१. सहा दिवस जाण्यायेण्याचे दोन-दोन तास, म्हणजे १२. उरले ८६. त्यांतून बी.कॉम.चे ४४ वजा केले, की ४२ राहतात. सी.ए.चा क्लास रोज चार तास, सहा दिवसांचे २४. शिल्लक १८ तास. इंटरमिजिएटला विषय सहा. प्रत्येक विषयाच्या वाट्याला स्वतः बसून अभ्यास करण्यासाठी आठवड्यात तीन तास आले!

हिशोब कागदावर जुळला खरा. पण राखीव निधी शून्य आहे. बँकेला ठेवींचा ठरावीक भाग रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवावाच लागतो. कितीही चांगला कर्जदार दारात उभा असला, तरी त्या रकमेला हात लावता येत नाही. वरील आठवड्यात असा एक तासही राखून ठेवलेला नाही. घरात एखादे लग्न निघाले, दोन दिवस ताप आला, आजीला दवाखान्यात न्यावे लागले, की तूट पडते. ती भरून काढण्यासाठी मुलगा सर्वप्रथम झोपेतून उचल करतो. या उचलीवर व्याज फार चढते. अपुऱ्या झोपेने वाचलेले लक्षात राहत नाही, तेच प्रकरण पुन्हा वाचावे लागते, आणि तूट वाढत जाते.

मग उपाय कोणता? आपल्या श्रावकाचाराने तो फार पूर्वी सांगून ठेवला आहे. पाचवे अणुव्रत परिग्रहपरिमाणाचे. धन, धान्य, घरदार यांची मर्यादा आपण स्वतः ठरवतो आणि ती पाळतो. या व्रताला इच्छापरिमाण असेही म्हणतात, ते फार अर्थपूर्ण आहे. परिग्रह केवळ वस्तूंचा होतो असे नाही. पदव्यांचा आणि प्रमाणपत्रांचाही होतो. बी.कॉम. आणि सी.ए. चालू असतानाच ‘सी.एस.चाही फॉर्म भरून टाक’, ‘सुट्टीत एखादा कोर्स कर’ असे सुचवणारे आप्त प्रत्येक घरात असतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण तास कोठून आणायचे हे कोणी सांगत नाही. म्हणून सत्राच्या आरंभी मुलाने आणि पालकांनी एकत्र बसून या सत्राचे परिमाण लिहून काढावे: काय करायचे आणि काय करायचे नाही. दुसरी यादी अधिक महत्त्वाची.

परिमाणाचा निर्णय सर्वांत अवघड होतो तो इंटरमिजिएटच्या दोन गटांविषयी. प्रत्येक गटात तीन विषय. उत्तीर्ण होण्यासाठी प्रत्येक विषयात किमान ४० टक्के आणि गटाच्या एकूण गुणांत ५० टक्के लागतात. ३०० पैकी १५० हवेत. तिन्ही विषयांत चाळीस-चाळीस मिळाले, तर १२०च होतात. सहाही विषयांवर शक्ती विखुरली, की सर्वत्र चाळिशीच्या आसपास गुण आणि दोन्ही गट अनुत्तीर्ण, असा निकाल हाती येऊ शकतो. दोन्ही गट एकत्र दिल्यास एका गटातील जादा गुण दुसऱ्याला उपयोगी पडू शकतात, हे खरे. ज्याच्याकडे तास आहेत, त्याने तसे अवश्य करावे. ज्याच्याकडे नाहीत, त्याने एकच गट निवडला, तर तेच १८ तास तीन विषयांत वाटले जातात आणि प्रत्येकाला सहा तास मिळतात. २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होऊ लागली आहे. पूर्वी संधी हुकली की सहा महिने जात. आता सुमारे चार महिन्यांत पुढची संधी येते. एक गट पुढे ढकलण्याची खरी किंमत एवढीच आहे. उरते ती लोकांना काय सांगायचे ही चिंता, आणि ती मुलाच्या खाती टाकू नये.

परिमाण ठरल्यावर दिवसाची आखणी. सामायिकाचा काळ ४८ मिनिटांचा. तेवढा वेळ एका आसनावर, अन्य व्यवहार बाजूला ठेवून बसण्याची सवय आपल्या अनेक मुलांना लहानपणापासून असते. अभ्यासाचे मापही तेच ठेवावे. ४८ मिनिटे एक विषय, मोबाइल दुसऱ्या खोलीत, मग थोडे उठून फिरणे. अशा चार बैठका मन लावून झाल्या, तर सहा तासांच्या अर्धवट वाचनापेक्षा अधिक पदरात पडते.

रात्री दहा मिनिटे प्रतिक्रमणाच्या भावनेने दिवसाकडे वळून पाहावे. बँकेत दिवसाची कीर्द जुळल्याशिवाय शाखा बंद होत नसे. पण एकदा जुळली, की खातेवही मिटून सर्व जण घरी जात. आज काय ठरले होते, काय झाले, काय राहिले, हे लिहावे. राहिलेले उद्याच्या आरंभीच्या शिलकेत ओढावे आणि झोपावे. श्वेतांबर परंपरेतील उत्तराध्ययन सूत्रात मुनींच्या अहोरात्राची प्रहरशः विभागणी आहे. त्यात दिवसाचा तिसरा प्रहर भिक्षेला आणि रात्रीचा तिसरा निद्रेला नेमून दिला आहे. मुनींचे प्रमाण गृहस्थाने घ्यायचे नसते. परंतु इतक्या कठोर चर्येतही आहार व विश्रांती यांना त्यांची जागा दिली आहे, हे आपण विसरू नये.

आहारावरून एक व्यवहारी गोष्ट. चौविहार पाळणाऱ्या घरांतील मुलांचा क्लास नेमका सायंकाळी असतो. हिवाळ्यात सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि मूल रात्री नऊला घरी येते. मग एकतर नियम मोडतो, नाहीतर ते उपाशी झोपते. दुपारीच संध्याकाळचा डबा सोबत दिला आणि क्लासपूर्वी पाचला जेवण्याची वीस मिनिटे वेळापत्रकात लिहिली, तर दोन्ही साधते. ही जबाबदारी घराने घ्यावी.

शेवटी एक गंभीर सूचना. झोप पूर्ण उडणे, जेवण तुटणे, कोणाशी बोलावेसे न वाटणे, ‘माझ्याने काहीच होणार नाही’ असे पुन्हा पुन्हा म्हणणे, ही वेळापत्रकाने सुटणारी गोष्ट नाही. अशा वेळी उपदेश थांबवून डॉक्टरांकडे जावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि तेथे मराठीतही बोलता येते. जगणे नकोसे झाल्याचे मुलाने एकदा जरी बोलून दाखवले, तरी त्याच दिवशी मदत घ्यावी, त्याला एकटे सोडू नये.

निकाल लागले, की आपण फोन करतोच. या वेळी ‘दोन्ही गट झाले का?’ हा प्रश्न टाळून ‘तब्येत कशी आहे? घरी जेवायला ये’ एवढे म्हणून पाहावे, ही वाचकांना विनंती.