विश्लेषण : ‘एआय’बाबत महाविद्यालयीन ग्रंथपाल सावध का?

नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘चॅटजीपीटी’ आले आणि बरेच विद्यार्थी ग्रंथालयात जाण्याआधी त्यालाच प्रश्न विचारू लागले. संशोधन नियतकालिकांच्या प्रकाशकांनीही आपापली ‘एआय’ साधने बाजारात आणली. महाविद्यालये आणि विद्यापीठांतील अनेक ग्रंथपाल मात्र अजून हात राखून आहेत. ते का?

तंत्रज्ञानालाच विरोध आहे का?

तसे दिसत नाही. कार्डांचे कप्पे जाऊन संगणकीय सूची आली, ती ग्रंथपालांनीच राबवली. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ची ‘सोल’ ही संगणकप्रणाली देशभरातील महाविद्यालयांत वापरली जाते. ‘शोधगंगा’वर पीएचडीचे प्रबंध खुले झाले, त्यातही विद्यापीठ ग्रंथालयांचा मोठा वाटा आहे.

मग अडचण कुठे आहे?

अडचण विश्वासार्हतेची आहे. ‘एआय’ने दिलेल्या संदर्भात लेखक खरा असतो, नियतकालिकही खरे असते, पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नसतो. न्यूयॉर्कमधील वकिलांनी २०२३ मध्ये असेच अस्तित्वात नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५ हजार डॉलरचा दंड झाला. विद्यार्थी अशी यादी घेऊन येतो, तेव्हा नसलेला लेख शोधण्यात ग्रंथपालाचा वेळ जातो. डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या १९३१ च्या पंचसूत्रीतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचे आहे. हे साधन तो वाचवतेही आणि वायाही घालवते.

साहित्यचौर्य तपासणीचे काय?

‘यूजीसी’च्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर कारवाई होत नाही. अनेक संस्थांत हा अहवाल ग्रंथालयच देते. पण ‘एआय’ने नव्याने रचलेला मजकूर साम्य तपासणीत सहसा सापडत नाही. त्यासाठीची वेगळी साधने प्रामाणिक विद्यार्थ्यालाही दोषी ठरवू शकतात. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये ‘टर्निटिन’ची अशी सुविधा बंद केली. अहवाल चुकला तर विद्यार्थ्याची पदवी अडकते आणि जाब ग्रंथपालाला विचारला जातो.

पुढे काय करावे लागेल?

केंद्राच्या ‘एक देश, एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपयांची तरतूद असून सुमारे १३ हजार ई-नियतकालिके सरकारी उच्च शिक्षण व संशोधन संस्थांना मिळत आहेत. खरा लेख आता एका क्लिकवर आहे. तिथपर्यंत विद्यार्थ्याला नेणारा माणूस मात्र हवा, आणि अनेक महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पदच रिक्त आहे. पदभरती, प्रशिक्षण, कोणते साधन घ्यायचे यात ग्रंथपालाचे मत आणि चुकीची जबाबदारी कोणाची याचे लेखी धोरण, एवढे झाले तर हीच सावधगिरी संस्थेच्या कामी येईल. नाही तर साधन संस्था घेईल आणि त्याच्या चुका ग्रंथपाल निस्तरत बसेल.