सर्च सर्व्हर म्हणजे तुमच्या ॲपचं पोर नव्हे

परवा टीममधल्या एका नव्या मुलाचा पीआर रिव्ह्यूला आला. ॲप सुरू झालं की पायथॉनच्या सबप्रोसेसमधून इलॅस्टिकसर्च उठवायचं, दर दहा सेकंदांनी ते जिवंत आहे का बघायचं, मेलं असेल तर परत उठवायचं. कोड सुबक होता, टेस्टही होत्या. मी खाली फक्त "नको" लिहिलं. त्याचा लगेच प्रश्न, "का पण? एका कमांडमध्ये सगळं चालू होतंय की!"

आता ह्याचं उत्तर दोन ओळींत मावणारं नाही, आणि शनिवार मोकळा आहे. तर ऐका.

२०१२ साली मी अगदी हेच केलं होतं. तेव्हा जावा होतं आणि सोलर ३.६. प्रोसेसबिल्डरने सोलर उठवायचो. वर हुशारी अशी, की ८९८३ पोर्ट अडलेला असेल तर कोड आपला आपण ८९८४ घ्यायचा. आणि सोलर कधी आडवा झाला तर मागे राहिलेल्या लॉक फाइलमुळे परत उठायला नखरे करायचा, म्हणून कॉन्फिगमध्ये 'अनलॉक ऑन स्टार्टअप' चालू करून ठेवलं होतं. (त्या सेटिंगवर धोक्याची सूचना लिहिलेली होती. मी ती वाचली होती. वाचून चालू केलं होतं.) सहा महिने झकास चाललं. डेमोला साहेब खूश.

मग एका शुक्रवारी रात्री आमच्या ज्युनियरने डिप्लॉय केलं. स्क्रिप्टने जुन्या ॲपला किल -९ मारला. मी शटडाउन हुक लिहिला होता, पण किल -९ पुढे कुठलाच हुक चालत नाही. बाप मेला, पोर जिवंत. लिनक्सच्या रिवाजाप्रमाणे १ नंबरच्या प्रोसेसने ते अनाथ पोर दत्तक घेतलं आणि ते ८९८३ वर निवांत बसून राहिलं. नवं ॲप उठलं, पोर्ट अडलेला बघून त्याने ८९८४ वर दुसरा सोलर उठवला, त्याच इंडेक्स फोल्डरवर. लॉक होता की, पण तो तोडायची परवानगी मीच देऊन ठेवलेली. रात्री दोनला रीइंडेक्सचा क्रॉन जॉब लागला, आणि त्यात पोर्ट ८९८३ असा ठोकून लिहिलेला होता.

एका इंडेक्सवर दोन लिहिणारे. दोघांनी एकाच नावाच्या सेगमेंट फाइली लिहिल्या, एकमेकांच्या पुसल्या. सकाळी काहीही शोधा, 'फाइल नॉट फाउंड'. डेटाबेसमधून इंडेक्स परत बांधण्यात अख्खा शनिवार गेला.

सोमवारी मेल आला, 'डिप्लॉयमेंट प्रोसेस पाळली गेली नाही'. नाव ज्युनियरचं, सीसीत मी. त्या पोराने स्क्रिप्ट दिली तशी चालवली होती. चूक माझ्या कोडची होती आणि ते मला शनिवारी दुपारीच कळलं होतं. मी त्या मेलला उत्तर दिलं ते गुरुवारी. तोवर त्याचा डिप्लॉयचा ॲक्सेस काढून घेतलेला होता.

लोक म्हणतील, तुझा कोड भिकार होता, त्यात कल्पनेचा काय दोष? अहो, तो कोड सुधारत नेला तर कुठे पोचतो ते बघा. पीआयडी फाइल लागते, ती शिळी निघते, रीबूटनंतर तोच नंबर भलत्याच प्रोसेसला मिळालेला असतो. पोराचं आउटपुट पाइपमध्ये घेतलंत आणि वाचायला विसरलात, तर लिनक्सवर साधारण ६४ केबी भरले की सर्व्हर लिहिता लिहिता थिजतो. एरर नाही, काही नाही. मग लॉग फिरवा, मेमरीला मर्यादा घाला, दोन रीस्टार्टच्या मधे दम खा. एवढं सगळं होईस्तोवर तुम्ही सिस्टमडीच लिहिलेलं असतं, तेही अर्धवट.

आणि अधिकाराचं काय? प्रॉडक्शनमध्ये इलॅस्टिकसर्चला कर्नलचं 'मॅक्स मॅप काउंट' किमान २६२१४४ लागतं. ते बदलायला रूट हवा. इलॅस्टिकसर्च स्वतः मात्र रूट म्हणून चालायला साफ नकार देतं. ही दोन्ही कामं ॲपने करायची म्हणजे वेबसाइटच्या हातात तिजोरीच्या किल्ल्या!

पण माझा खरा राग 'मेलं की उठव' ह्या लूपवर आहे. मेमरी संपून सर्व्हर रात्रीत चाळीसदा पडला तरी कुणाला पत्ता लागत नाही. सकाळी डॅशबोर्ड हिरवागार.

बनवणाऱ्यांनीही हात वर केलेत. सोलरने २०१५ मध्ये ५.० पासून वॉर फाइल देणं थांबवलं. २०१६ च्या ५.० पासून इलॅस्टिकसर्च ॲपच्या पोटात चालवायला पाठिंबा नाही. रूबीच्या सनस्पॉटबरोबर सोलर तयार मिळायचा, पण तोही फक्त डेव्हलपमेंटपुरता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय.

टेस्टमध्ये खुशाल उठवा, त्यासाठी टेस्टकंटेनर्स आहे. लॅपटॉपवरही उठवा. आणि शोध खरंच ॲपच्या आतच हवा असेल तर सरळ ल्युसीन लायब्ररी म्हणून वापरा, नाहीतर एसक्यूलाइटचं एफटीएस५. सर्व्हर हवाच कशाला? प्रॉडक्शनमध्ये ॲपला फक्त पत्ता माहीत असावा. छोटा टाइमआउट ठेवावा, उत्तर आलं नाही तर शोध सोडून बाकीचं पान दाखवावं, आणि जागं असलेल्या माणसाला कळवावं.

हे सगळं त्या मुलाला फोनवर सांगितलं, सोमवारच्या मेलसकट. तो म्हणाला, "मग त्या ज्युनियरचं पुढे काय झालं?" चार महिन्यांनी त्याने कंपनी सोडली, मला काही बोलला नाही. सिस्टमडीची युनिट फाइल मी लिहून देतो म्हटलंय, अकरा ओळींची आहे. पीआर अजून उघडाच आहे.