जुन्या तबकड्यांचा पाठनिर्णय

रामदासपेठेतील आमचे घर दिवाळीनंतर पाडावयाचे आहे. वडिलांनी बांधलेले हे दुमजली घर, पुढे अंगण, मागे विहीर आणि लिंबाचे झाड, असा सारा थाट आता एका सात मजली इमारतीच्या पोटात जाणार. करारावर सह्या होऊन गेल्या. त्याविषयी शोक करण्यासाठी आज लेखणी हाती घेतलेली नाही. या पेठेत असे घर पडले नाही अशी गल्ली आता शोधावीच लागेल. परंतु घर रिकामे करावयाचे म्हटले म्हणजे पोटमाळा रिकामा करावा लागतो, आणि पोटमाळा रिकामा करताना कुटुंबाची खरी परीक्षा होते, असा अनुभव आल्यामुळे तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

आमच्या पोटमाळ्यावर दोन लाकडी पेट्यांत चौसष्ट ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. काही आजोबांच्या वेळच्या, बाकीच्या वडिलांनी घेतलेल्या. दादांनी जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यास बोलावून भाव काढला. त्याने सगळ्यांची मिळून एक ठोक रक्कम सांगितली. वहिनी म्हणाल्या, “नव्या घरात देवघराला जागा पुरते की नाही याची चिंता आहे, आणि हे ओझे कुठे ठेवायचे?” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. मीही मान डोलावली. व्यापारी रविवारी माल न्यावयास येणार असे ठरले.

मोडता घातला तो आमच्या पुतण्याने. हा मुलगा संगणकाच्या कचेरीत काम करतो आणि पगारातील बरा भाग तबकड्यांवर उधळतो, अशी त्याची घरात ख्याती आहे. त्याने मला आपल्या खोलीत नेले आणि एक काळी कुळकुळीत नवी तबकडी दाखविली. “काका, ही कुठे छापली आहे ते वाचा.” पाहतो तो वादक मुंबईचे, चरणजित सिंग; राग आपले; आणि प्रकाशक हॉलंडमधील! सिंग यांनी १९८२ साली विजेच्या वाद्यांवर दहा राग नाचाच्या ठेक्यात वाजविले. त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती तबकडी पडली, त्याने २०१० साली तिची नवी आवृत्ती काढली, आणि म्हाताऱ्या वादकास देशोदेशींची आमंत्रणे आली. २०१५ साली ते वारले. पण विस्मृतीतून वर येऊन मग गेले.

तो म्हणाला, असे हे एकच उदाहरण नव्हे. १९७० आणि १९७१ साली एका सिगारेट कंपनीने ‘सिमला’ नावाच्या आपल्या सिगारेटच्या जाहिरातीसाठी तरुण वाद्यवृंदांच्या स्पर्धा भरविल्या आणि निवडक गाण्यांच्या दोन तबकड्या काढल्या. त्यांच्याही नव्या आवृत्त्या पुढे युरोपातच निघाल्या. मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या वाद्यवृंदाची तबकडी तो वृंद मोडल्यावर १९८१ साली बाहेर आली. तिचे पुनर्मुद्रण २०११ साली अमेरिकेत झाले. हे गिटारीचे संगीत आमच्या कानास मानवणारे नाही, हे प्रांजळपणे सांगतो. परंतु पुतण्याचा पुढचा प्रश्न मनाला लागला. तो म्हणाला, “काका, आमच्या आवडीचे जुने गाणे परकीय लोक शोधून छापतात म्हणून तुम्ही हसता. मग तुमच्या आवडीचे तुम्ही रद्दीत का घालता?”

मास्तराला विद्यार्थ्याने निरुत्तर करावे, यात एक आनंदही असतो. रविवारी व्यापाऱ्यास परत पाठविले.

आता या तबकड्यांची उत्पत्ती थोडक्यात सांगितली पाहिजे, म्हणजे त्यांचे मोल कळेल. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीसाठी पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गैसबर्ग या गृहस्थाने केले. त्यात गौहरजानचे गाणे होते. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला. जुनी तबकडी लाखेची असे. पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख. तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळून तबकडी दाबीत. म्हणूनच ती जड आणि ठिसूळ. दहा इंची तबकडीच्या एका अंगावर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात गवयास आलाप, तान आणि समेवर येणे, सारे उरकावे लागे. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकची, मिनिटास सव्वातेहतीसच्या किंचित वर फेरे घेणारी लाँगप्ले तबकडी निघाली आणि लाखेच्या तबकडीचे दिवस भरत आले.

तबकडी छापण्याची रीत कुटुंबवत्सल वाचकांना आवडावी अशी आहे. प्रथम मेणावर आवाजाची रेघ कोरावयाची. त्या मेणावर विजेच्या साहाय्याने तांबे चढवून जो उलटा ठसा मिळे त्याला ‘पिता’ म्हणत. पित्यापासून सुलटा ठसा घेत, ती ‘माता’. आणि मातेपासून पुन्हा उलटा ठसा काढीत, तो प्रत्यक्ष तबकड्या दाबणारा ठसा. जर्मन लोक त्यास ‘पुत्र’च म्हणतात. पुत्र झिजला तर माता दुसरा देई. परंतु खप थांबला म्हणजे कित्येक ठिकाणी पिता आणि माता दोघांनाही मोडीत काढून त्यांचे तांबे वितळविण्यात आले. अशा कुळाचा वंश पुढे चालवावयाचा तर एकच मार्ग उरतो: कोणाच्या तरी पोटमाळ्यावर वाचलेली तबकडी शोधणे आणि तिच्यावरून नक्कल करणे.

येथे प्रस्तुत लेखकास आपल्या ओळखीचा प्रदेश लागला. मूळ ग्रंथ नष्ट, हाती फक्त पोथ्या, आणि त्यांवरून शुद्ध पाठ ठरवावयाचा, हा तर संस्कृतज्ञांचा नित्याचा व्यवसाय. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनी त्याला शिस्त लावली. आदिपर्व १९३३ साली पुरे झाले आणि सारा ग्रंथ १९६६ साली. या आवृत्तीचा मोठेपणा पोथ्यांच्या संख्येत नाही, संपादकाच्या प्रामाणिकपणात आहे. स्वीकारलेला पाठ वर, नाकारलेले पाठ खाली टीपेत. आणि जेथे संपादकाची स्वतःची खात्री नाही, तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ. ‘येथे मला संशय आहे’ असे सांगणारी ती रेघ मला नेहमीच विद्वत्तेचे भूषण वाटत आली आहे.

तबकड्यांची नवी आवृत्ती काढणाऱ्यांपैकी किती जण अशी रेघ मारतात? पुतण्याने काही पुनर्मुद्रणे ऐकविली. पहिला दोष हा की, खरखर नाहीशी करण्याच्या भरात गाण्याची कांतीही खरवडून काढलेली असते. तंबोऱ्याच्या झंकारातील वरचे नाद आणि ‘स’, ‘श’ यांचे उच्चार खरखरीच्याच प्रदेशात राहतात. झाडू जोरात फिरविला की तेही केरात जातात. दुसरा दोष, साथीदारांची नावे आणि मुद्रणाचे साल गाळणे. तिसरा सर्वांत सूक्ष्म: गती. या तबकड्यांना अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या म्हणतात खरे. पण आरंभीच्या कित्येक तबकड्या त्याहून कमी वा अधिक गतीने मुद्रित झालेल्या आहेत. चौऱ्याहत्तरची तबकडी अठ्ठ्याहत्तरने फिरविली की गाणे जवळजवळ एका अर्धस्वराने चढते. काळी एकमध्ये गाणारा गवई पांढरी दोनच्या घरात जातो, त्याचा आवाज बारीक होतो, ताना नसत्या चपळ होतात, आणि ऐकणारा म्हणतो, “जुन्या लोकांचे गळे असेच!”

हाच प्रसंग आमच्या घरी उभा राहिला. पुतण्याने लाखेच्या तबकड्यांना लागणारी जाड टोकाची सुई आणून एक नाट्यपद लावले. लेबल कसरीने खाल्लेले, काठाशी चरे. पण पद ओळखू आले. आमची आई नव्वदीच्या घरात आहे. ती बाजूच्या खोलीत वाती वळीत बसली होती. दोन ओळी झाल्या न झाल्या तोच तिने हाक मारली, “अरे, हे वर लागले आहे. उतरवा.”

पुतण्या म्हणाला, “आजी, बरोबर अठ्ठ्याहत्तरवर आहे.”

“अठ्ठ्याहत्तर मला माहीत नाही. तुझे आजोबा पेटी घेऊन बसत आणि काटा सरकवून सूर जुळवून घेत. मी स्वयंपाकघरात बरोबर म्हणत असे. हे माझ्या गळ्याच्या वर आहे.”

आम्ही पेटी आणली. पदाला ऑर्गनची साथ होती, आणि ऑर्गन काही गवयाप्रमाणे स्वर सरकवू शकत नाही. तबकडीतील ऑर्गनचा षड्ज आमच्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकलेला होता. म्हणजे गती चुकीची असावी, असा संशय दृढ झाला. गती हळूहळू उतरविली. पंचाहत्तरला स्वर खालच्या पट्टीवर येऊन बसला. तथापि चढवून साडेएकोणऐंशी केली, तर तो वरच्या पट्टीवरही तितकाच नेमका बसे! दोन पोथ्या, दोन पाठ, दोन्ही व्याकरणशुद्ध. निर्णय कसा करावा?

आईला दोन्ही ऐकविले. वरचा ऐकून तिने नुसते हात हलविले. खालचा लागताच ती काही बोलली नाही. डोळे मिटून, दात नसलेल्या तोंडाने, सारे पद सुराबरोबर म्हणत गेली. शेवटच्या आवर्तनात तबकडीला मोठा चरा आहे, तेथे सुई उडते आणि अर्धी ओळ नाहीशी होते. आईने ती ओळ म्हटली. दादा दारात उभे होते. तबकडी थांबल्यावर ते म्हणाले, “पेट्या पुन्हा माळ्यावर चढवू नका. खालीच ठेवा.”

पुतण्याने त्या मुद्रणाच्या टिपणात लिहिले आहे: “स्वीकृत गती ७५, घरातील वृद्ध श्रोत्यांच्या स्मृतीवरून, पाठभेद ७९½.” आणि या ओळीखाली, मी न सांगता, एक नागमोडी रेघ मारली आहे. माझी अध्यापनाची बत्तीस वर्षे फुकट गेली नाहीत, असे त्या रेघेने मला वाटले. गायकाचे नाव मी येथे देत नाही. लेबल गेले आहे, आईची एक आठवण आहे, आणि तीवर दुसरा पुरावा अजून मिळावयाचा आहे.

वाचकांच्या घरी असा संग्रह असेल तर चार गोष्टी सुचवितो. तबकड्या एकावर एक आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. लाखेची तबकडी स्पिरिटने कदापि पुसू नये. लाख त्यात विरघळते. लाँगप्लेची बारीक सुई तिच्यावर लावू नये. आणि विकण्यापूर्वी प्रत्येक लेबलावरील मजकूर व क्रमांक उतरून घ्यावा. मुंबईस १९९० साली ग्रामोफोन तबकड्यांच्या संग्राहकांची एक संस्था स्थापन झाली, तिने या विषयावर पुष्कळ लेखन प्रसिद्ध केले आहे. असे क्रमांक जाणकारांस किती उपयोगी पडतात ते त्यावरून कळते. कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो; पदकर्त्याचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, हे छापू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. तबकड्या छापण्याचा कारखाना २०२४ साली नवी मुंबईत पुन्हा निघाला आहे. तेव्हा आपल्या गाण्यासाठी हॉलंडला जाण्याचेही कारण उरू नये.

परंतु या सर्वांहून निकडीची गोष्ट निराळी आहे. गायनाचार्य भास्करबुवा बखले १९२२ साली गेले; ज्यांच्या गाण्याने एक पिढी भारली, त्यांचा स्वर तबकडीवर राहिला नाही, केवळ शिष्यांच्या गळ्यात आणि श्रोत्यांच्या आठवणीत राहिला. ते श्रोतेही आता गेले. तबकडी माळ्यावर आणखी पन्नास वर्षे थांबेल. तिचा सूर ओळखणारे कान थांबणार नाहीत.

दादांनी अट घातली आहे की, दिवाळीपर्यंत चौसष्टच्या चौसष्ट तबकड्या उतरून झाल्या पाहिजेत. मग त्या एखाद्या संस्थेस देऊन टाकू. वहिनींनी देवघराच्या बाजूची जागा तोपर्यंत मोकळी करून दिली आहे. रोज दुपारचा चहा झाला की आईची खुर्ची पेटीजवळ सरकवितो. आजपर्यंत एकोणीस झाल्या. परवा ती थकली होती, म्हणून एकच लावली.