होड्यांची कैफियत

लाकडी युद्धनौकांच्या प्रतिकृती करणाऱ्या गृहस्थांविषयी आम्हाला आदर आहे, हे आरंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढे जे लिहावयाचे आहे ते त्यांना गोड लागणार नाही. वर्ष-दोन वर्षे रात्रीचा दिवा जाळून हे लोक कण्यावर फासळ्या उभ्या करतात, त्यांवर पट्ट्या चढवितात, तोफांची तोंडे कोरतात, डोलकाठ्यांवर शेकडो दोर ओवतात. त्यांची चिकाटी पाहून आमच्यासारख्या उतावळ्या माणसाने मान खाली घालावी. आणि मग, सर्व काही पुरे झाल्यावर, हेच लोक डेकच्या मध्यभागी चार चिंचोके आणून ठेवतात. हे काय म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते, ‘ह्या होड्या.’

आमची फिर्याद ह्या चिंचोक्यांविषयी आहे.

पुरावा म्हणून एकच जहाज घेऊ, आणि तेही सर्वांच्या परिचयाचे. १८०५ साली ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सन ज्यावर पडला त्या ‘व्हिक्टरी’वर सहा होड्या होत्या: चौतीस फुटी लाँच, बत्तीस फुटी बार्ज, अठ्ठावीस फुटी पिनेस, पंचवीस फुटी दोन कटर आणि एक अठरा फुटी कटर. (लाँच ह्या शब्दाने भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी, धूर सोडणारी लाँच डोळ्यांपुढे आणू नये. ही वल्ह्यांची व शिडाची जड होडी.) बहात्तरास एक ह्या प्रमाणात प्रतिकृती केली तर लाँच १४४ मिलिमीटर भरेल आणि लहान कटर ७६. म्हणजे एक दुसरीच्या जवळजवळ निम्मी. परंतु बाजारी संचातून निघणाऱ्या होड्या पुष्कळदा एकाच साच्यातून काढलेल्या, सख्ख्या बहिणींसारख्या असतात. तोफ एका मिलिमीटरने आखूड निघाली तर ज्यांना झोप येत नाही, त्यांना येथे तीन इंचांचा घोटाळा दिसत नाही!

जाडीचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. खऱ्या होडीची फळी इंचभराच्या आतबाहेर असते. बहात्तराव्या प्रमाणात ती साधारण ०.३५ मिलिमीटर व्हावी. ठोकळा कोरून केलेल्या होडीचा काठ मात्र दोन मिलिमीटरांचा सहज असतो. हिशेब उलटा करून पाहावा: दोन मिलिमीटर म्हणजे खऱ्या होडीत सुमारे पावणेसहा इंच. एवढ्या जाड भिंतीची होडी डेकवरून उचलून पाण्यात सोडावयाची तर खलाश्यांचे हाल कुत्रा खाणार नाही. मग बसण्याच्या आडव्या फळ्या. त्या काठापासून चांगल्या वीतभर खाली, आतल्या अंगाने ठोकलेल्या पट्टीवर टेकतात. तेथे बसले म्हणजे वल्हे छातीच्या उंचीवर येते. आमचे कारागीर त्या सरळ काठावर चिकटवून मोकळे होतात. अशा होडीत वल्हे मारावयाचे तर मांड्यांतून मारावे लागेल.

आणि बांधणी! लाँच, बार्ज, पिनेस ह्यांच्या फळ्या कडेला कड भिडवून गुळगुळीत बसविलेल्या असत. कटरच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढविलेल्या. हा भेद हौसेचा नव्हता. चढत्या फळ्यांची होडी हलकी राहून बळकट होते, म्हणून निरोप घेऊन लगबगीने जावयाचे ते कटरने. पाण्याची पिंपे आणि नांगर वाहावयाचे ते रुंद, जड लाँचने. ज्याने दोन्ही एकसारख्या गुळगुळीत केल्या त्याने घोडा आणि बैल एकाच ठशाने पाडले असे आम्ही म्हणतो.

वास्तविक होडी म्हणजे जहाजाचे हातपाय. मोठे जहाज किनाऱ्यापासून दूर नांगर टाकून उभे राही. पाणी, लाकूडफाटा, शिधा, आजारी माणसे, कप्तान, पत्रे, सारे होडीतून जाई-येई. वारा पडला की होडीत नांगर घालून तो पुढे नेऊन टाकावयाचा आणि त्याच्या दोरावर सारे जहाज ओढून घ्यावयाचे. लढाईच्या वेळी गोळ्यांनी होड्यांच्या ढलप्या उडून माणसे जखमी होऊ नयेत म्हणून त्या मागे दोराने बांधून पाण्यात सोडीत. आणि लढाई संपताच त्याच होड्या बुडणाऱ्यांना, शत्रूच्या माणसांनासुद्धा, वेचीत फिरत. ट्रॅफल्गारला ‘आशील’ हे फ्रेंच जहाज पेटले तेव्हा पाण्यात उड्या टाकलेल्या त्याच्या खलाश्यांना इंग्रजांच्याच होड्यांनी उचलले.

ह्यापेक्षा मोठी साक्ष हवी असेल तर ‘बाउंटी’ची घ्या. २८ एप्रिल १७८९ रोजी बंडखोरांनी कप्तान ब्लाय ह्यास अठरा माणसांसह तेवीस फुटी लाँचमध्ये उतरवून दिले. टोफुआ बेटावर एकाचा बळी गेला. उरलेल्या सतरांना घेऊन त्याने सुमारे ३,६०० सागरी मैलांचा प्रवास केला आणि १४ जून रोजी तिमोर बेटावरील कूपांग गाठले. ती होडी आमच्या बहात्तराव्या प्रमाणात ९७ मिलिमीटरांची होते, अर्ध्या वीतीहूनही कमी. तेवढ्या जागेत एकोणीस माणसे कशी बसली असतील ह्याचा विचार ज्याने एकदा केला, तो होडीचा ठोकळा कोरीत बसणार नाही.

‘हे सांगणे सोपे, करणे कठीण’ असा आक्षेप येतो, म्हणून करण्याची रीतही येथे थोडक्यात मांडतो. मऊ लाकडाचा, होडीच्या आतल्या आकाराचा साचा कोरावा व त्यास मेण चोळावे, म्हणजे सरस चिकटत नाही. कणा, पुढचा वाकडा खांब व मागची सपाट फळी ह्यांचा एक सांगाडा करून तो साच्यात कापलेल्या खाचेत बसवावा. गुळगुळीत होडी असेल तर गरम पाण्यात भिजविलेल्या बारीक काड्या साच्यावर वाकवून आधी फासळ्या कराव्यात, मग फळ्या. कटर असेल तर क्रम उलटा: आधी फळ्या, कण्याकडून वर चढत, वरची खालचीच्या कडेवर बाहेरून टेकवून, साचा काढल्यावर आतून फासळ्या. खऱ्या कारखान्यातही हाच क्रम असे, आणि तो उलटा का, हे बोटांना एकदा कळले की पुस्तकात वाचावे लागत नाही. फळी मध्ये रुंद व दोन्ही टोकांकडे निमुळती कापावी. कारण होडीचा घेर मध्ये मोठा, टोकांशी लहान. सरळ पट्ट्या लावणारा पुढे जाऊन पट्ट्यांची गर्दी करतो आणि मग पुट्टीने पाप झाकतो. पहिल्या दोन होड्या साच्यावरून काढताना मोडतील. मोडू द्याव्यात. साचा शाबूत असतो.

दोनशेस एक असे लहान प्रमाण असेल तर मात्र आम्ही फळ्यांचा आग्रह धरीत नाही. तेथे लाँचच ५२ मिलिमीटरांची, आणि फळीची जाडी कागदाइतकी. तेथे ठोकळाही चालेल, परंतु आतून पोखरलेला, काठ पातळ केलेला. पोखरण्यास कोणत्याही प्रमाणाची हरकत नसते.

हे सारे इंग्रजी आरमाराचे दाखले झाले, आपला त्यांच्याशी काय संबंध, असेही कोणी म्हणेल. तर मग आपल्याच किनाऱ्याचे जहाज घेऊ. पोर्तुगीज आरमाराची पन्नास तोफांची फ्रिगेट ‘दों फेर्नांदो सेगुंदो इ ग्लोरिया’ ही दमण येथे नगर हवेलीच्या सागवानातून बांधली गेली आणि १८४३ साली पाण्यात उतरली. २ फेब्रुवारी १८४५ रोजी ती गोव्याहून निघाली आणि ४ जुलै रोजी लिस्बनला पोचली. १९६३ साली ती तागूस नदीत जळाली, १९९२ पर्यंत चिखलात पडून होती, आणि १९९८ साली दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली. आज ती लिस्बनसमोर कासिल्यास येथे पाहावयास मिळते. आमच्या सागवानाचा हा गौरव करताना गोमंतकीय माणसाचा ऊर भरून येतो आणि तो भरून यावाही. पण तिची प्रतिकृती करू पाहणाऱ्याला आम्ही विचारतो: पाच महिन्यांच्या त्या वाटेवर तिचे पाणी कोणी भरले? तिच्या डेकवर इंग्रजी संचातली कटर ठेवून चालणार नाही. पोर्तुगीज खलाशी आपल्या होडीला ‘एस्कालेर’ म्हणत. तिची आखणी पोर्तुगीज नकाश्यांतच शोधावी लागेल. मोठे जहाज राष्ट्रे जपून ठेवतात. होड्या मात्र घासून, आपटून, झिजून संपत आणि नवीन येत. त्यांची साक्ष मुख्यतः कागदावर उरली आहे, आणि ती कोर्टात आणावयाची तर आणणारा हा छंदी माणूसच.

आता प्रतिपक्षाचे शेवटचे हत्यार. होडीवर कापडाचे आच्छादन घालावयाचे! ‘खऱ्या जहाजावरही ताडपत्री घालीत,’ असे सांगत ते आत पोकळ काहीच न केलेल्या लाकडावर कापड ताणून बसवितात. घालीत, हे खरे. पण सगळ्याच होड्यांवर, आणि नेमके प्रदर्शनाच्या दिवशी? ज्याला दाखवावयाचे काही आहे त्याने एक तरी होडी उघडी ठेवावी, आत वल्ही बांधलेली, सुकाणू काढून आडवे ठेवलेले, तळाला पाणी उपसण्याचे भांडे.

परीक्षकांनाही आम्ही सोडीत नाही. दोर मोजणारे, तोफा मोजणारे, शिडांवरच्या टाक्यांना भिंग लावणारे हे लोक होड्यांपाशी येऊन पुढे सरकतात. प्रदर्शनांच्या नियमावलीत एकच कलम वाढवावे अशी आमची मागणी आहे: प्रतिकृती मांडण्यापूर्वी तिच्यावरील सर्व होड्या, आच्छादने काढून, एका वेगळ्या मेजावर पालथ्या व उलथ्या अशा दोन्ही अंगांनी परीक्षकांसमोर ठेवाव्यात, आणि त्यांचे गुण लिहून झाल्यावरच जहाजावरचे कापड दूर करावे.