विलेपनाचे परिमाण

तालुक्याच्या एका गावातील बाजारपेठेत एका जैन कुटुंबाचे तीन पिढ्यांचे कटलरीचे दुकान आहे. बांगड्या, टिकल्या आणि रिबिनी यांपासून सुरू झालेला हा व्यापार आज लिपस्टिक, नेलपॉलिश आणि नाना तऱ्हेच्या क्रीमपर्यंत येऊन पोहोचला आहे. लग्नसराईत गल्ल्यात जमणाऱ्या रकमेचा मोठा भाग याच मालाचा असतो. त्या घरातील सतरा वर्षांची मुलगी, बारावी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, एका सायंकाळी मैत्रिणीच्या बहिणीच्या हळदीला निघाली, तेव्हा तिच्या ओठांवर फिकट गुलाबी रंग होता. आजीने हातातील जपमाळ बाजूला ठेवली आणि म्हटले, "अगं, ते पुसून ये. आपल्या घरातल्या मुलींना हे शोभत नाही."

मुलीने वडिलांकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "पप्पा, जे आपल्या दुकानात चालते, ते आपल्या घरात का चालत नाही?"

वडिलांपाशी उत्तर नव्हते. मुलगी ओठ पुसून हळदीला गेली. प्रश्न मात्र घरातच राहिला.

त्याच आठवड्यात आत्या माहेरी आली. तिने भाचीच्या हाती एक पांढरी डबी ठेवली. "रोज रात्री लाव. दोन वर्षांनी स्थळे बघायची आहेत. रंग थोडा उजळला म्हणजे बरे." ही डबी एका ब्यूटी पार्लरमधून आणलेली होती. या वेळी मात्र आजीने माळ खाली ठेवली नाही. आईने आभार मानले. ओठांवरील रंग पुसायला लावणाऱ्या घराने त्वचेचा रंग बदलण्यास मूक संमती दिली होती.

असे घर वाचकांनी पाहिलेले असेल. कदाचित ते त्यांचेच असेल. वयात आलेल्या मुलींनी शृंगार किती करावा, याविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. परंतु 'किती' या शब्दाचे माप कोणत्या काट्यावर करायचे, हे क्वचितच सांगितले जाते. माप बहुधा एवढेच असते, की 'लोक काय म्हणतील'. असे माप दर घरी आणि दर प्रसंगी बदलते. महाविद्यालयात जाताना काजळही अधिक ठरते आणि परिचय संमेलनाच्या दिवशी पार्लरची संपूर्ण सजावटही अपुरी वाटते. मुलगी ही विसंगती पाहते. ती बोलत नसली, तरी तिला ती कळत नाही असे नव्हे.

वास्तविक या प्रश्नासाठी बाहेर शोध घेण्याचे कारण नाही. उपासकदशांग सूत्राच्या पहिल्या अध्ययनात वाणिज्यग्रामातील आनंद श्रावकाची कथा आहे. हा काही निर्धन मनुष्य नव्हता. त्याच्या बारा कोटी सुवर्णमुद्रांपैकी चार कोटी निधीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेल्या होत्या. अशा श्रीमंत गृहस्थाने भगवान महावीरांसमोर व्रते स्वीकारताना आपल्या उपभोगाची मर्यादा एकेक वस्तू घेऊन ठरवली. दात घासण्यासाठी कोणती काडी, उटणे कशाचे, स्नानाला किती घडे पाणी, अलंकार कोणते, याचा त्याने तपशीलवार उच्चार केला. विलेपनासाठी त्याने अगरू, कुंकुम, चंदन यांसारखी द्रव्ये ठेवली आणि बाकीची सोडली. श्वेतांबर परंपरेतील नित्याच्या चौदा नियमांत 'विलेपन' हा स्वतंत्र नियम आहे. दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारातही भोगोपभोगाच्या नियमांत अंगरागाचा उल्लेख येतो.

यातील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, गृहस्थाला विलेपन सर्वथा वर्ज्य म्हटलेले नाही. त्याचे परिमाण करण्यास सांगितले आहे. दुसरी, हे परिमाण आनंदाने स्वतः, समजून-उमजून आणि वस्तूंची नावे घेऊन ठरवले. दुसऱ्याने लादलेली बंदी आणि स्वतः घातलेली मर्यादा यांत फार मोठे अंतर आहे. बंदी उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच संपते. मुलगी मैत्रिणीच्या घरी जाऊन रंग लावते आणि परतताना पुसते. स्वतः घातलेली मर्यादा मात्र तिच्या सोबत चालते.

परिमाण करायचे तर वस्तू काय आहे, हे प्रथम जाणले पाहिजे. जे घर कांदा-लसूण निवडून बाजूला करते, बिस्किटाच्या पुड्यावरील हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय पुडा फोडत नाही, तेच घर लिपस्टिकवरील बारीक अक्षरे वाचत नाही. ओठांवरील रंगाचा काही अंश पोटातच जातो. काही लाल रंगांत कारमाइन हे द्रव्य असते. ते कोचिनील नावाच्या कीटकांना वाळवून व कुटून काढतात. घटकांच्या यादीत ते 'सी. आय. ७५४७०' या क्रमांकानेही लिहिलेले आढळते. काही नेलपॉलिशमधील मोतिया चमक माशांच्या खवल्यांतून काढलेल्या ग्वानिनची असते; त्याचा क्रमांक ७५१७०. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतून आणि मेण मधमाशीच्या पोळ्यातून येते. ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल वनस्पतीजन्य असू शकतात, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही बनतात. या सर्वांना वनस्पतीजन्य किंवा कृत्रिम पर्याय आज बाजारात आहेत. पुष्कळ वेष्टनांवर हिरवा ठिपका छापलेला असतो. तो नसेल तर यादी वाचावी. सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारताने २०१४ मध्ये बंदी घातली आणि त्याच वर्षी अशी चाचणी केलेल्या मालाची आयातही थांबवली. ज्या समाजाचा अहिंसा हा प्राण आहे, त्याच्या मुलींना हे ठाऊक असावे. 'लावू नकोस' या आज्ञेपेक्षा 'यात काय आहे, ते वाचून मला सांग' हे वाक्य अधिक दूर पोहोचते.

आता आत्याने दिलेल्या डबीकडे वळू. तिच्यावर उत्पादकाचे नाव नव्हते, पत्ता नव्हता, परवाना क्रमांक नव्हता आणि घटकांची यादीही नव्हती. गोरेपणाचे आश्वासन देणाऱ्या अशा निनावी क्रीममध्ये अनेकदा पारा आढळतो. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून काही आठवड्यांत वर्ण उजळल्यासारखा दिसतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडांत साठतो. चेहरा व पाय सुजणे, लघवीला फेस येणे ही त्याची लक्षणे होत. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील मूत्रपिंडतज्ज्ञांनी अलीकडच्या वर्षांत असे अनेक रुग्ण नोंदवले, ज्यांच्या आजाराचा माग अखेर गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोहोचला. भारतीय नियमांनुसार डोळ्यांभोवती वापरायची प्रसाधने वगळता अन्य सौंदर्यप्रसाधनांत नकळत आलेला पारादेखील दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. दुसरा धोका स्टिरॉइडयुक्त मलमांचा. ती आरंभी चेहरा तुकतुकीत करतात. पुढे त्वचा पातळ होते, लाल पडते, मुरमे उठतात आणि मलम थांबवताच त्रास दुणावतो. म्हणून २०१८ मध्ये अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकली जावीत, असे ठरवण्यात आले.

थोडक्यात, ज्या गुलाबी रंगावर घर रागावले तो एका रात्रीत पुसला जाणारा होता आणि ज्या डबीचे घराने स्वागत केले ती शरीरात उतरणारी होती. त्याहून खोल उतरते ते तिच्यासोबतचे वाक्य. 'तू आहेस तशी पुरेशी नाहीस,' हे मुलीला परक्यांनी सांगितले तर ती विसरू शकते. आत्याने, आईने, आजीने सांगितले तर ते मनात घर करते. गोरेपणाची एक प्रसिद्ध क्रीम १९७५ मध्ये भारतीय बाजारात आली; २०२० मध्ये कंपनीने तिच्या नावातील 'फेअर' हा शब्द काढला. डबीवरून शब्द गेला, परंतु आपल्या परिचयपत्रांतील 'वर्ण' हा रकाना अजून गेलेला नाही.

त्या घरात पुढे जे घडले ते साधेच होते. वडिलांनी डबी उलटसुलट पाहिली, तेव्हा त्यांना आठवले, की तशाच विनानावाच्या डब्यांचे दोन खोके आपल्याही दुकानात आहेत. त्यांत नफा चांगला होता आणि मागणीही भरपूर. त्या रात्री त्यांनी वही उघडून हिशेब मांडला. श्रावकासाठी वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याचा समावेश आहे, हे त्यांनी प्रवचनांत अनेकदा ऐकले होते. विष म्हणजे केवळ उंदीर मारण्याचे औषध, अशी त्यांची आजवरची समजूत होती. दुसऱ्या दिवशी दोन्ही खोकी मांडणीवरून उतरली. पुरवठादाराने माल परत घेण्यास नकार दिला, तेव्हा ती रक्कम नुकसानीच्या खाती टाकली गेली.

मग त्यांनी मुलीला बोलावून एक कोरी वही दिली आणि म्हटले, "तुझे परिमाण तू लिही. आम्ही वाचू, विचारू. पण लिहायचे तूच." मुलीने दोन दिवस घेतले. तिने लिहिले: महाविद्यालयात काजळ, ओठांसाठी साधे मलम आणि उन्हासाठी सनस्क्रीन. लग्नकार्यात फिकट लिपस्टिक. घटक वाचल्याशिवाय आणि कानामागे लावून एक दिवस थांबल्याशिवाय नवी वस्तू चेहऱ्यावर नाही. काजळ व लिपस्टिक मैत्रिणींत वाटून घ्यायची नाही. झोपण्यापूर्वी सर्व धुवायचे. उघड्या डबीच्या चिन्हात लिहिलेले महिने उलटले की वस्तू टाकायची. खर्च हातखर्चातून, त्याचा जमाखर्च याच वहीत. पर्युषणात विलेपन नाही. शेवटची ओळ तिने थोडी जाड अक्षरांत लिहिली होती: गोरे होण्यासाठी काहीही नाही, कधीही नाही.

आजीने चष्मा लावून ते पान वाचले. शेवटच्या ओळीपाशी ती बराच वेळ थांबली. तिच्या स्वतःच्या लग्नाआधी तिच्या आईने महिनाभर तिला हळद आणि साय चोळली होती आणि तरीही पाहायला आलेल्या बायका 'सावळी आहे' असे तिच्यासमोरच म्हणाल्या होत्या. पन्नास वर्षांत हे तिने कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी नातीला सांगितले. मग तिने पेन मागितले आणि त्या पानाखाली आपल्याही नावाने एक नियम लिहिला: घरातल्या किंवा परक्या, कोणत्याही मुलीच्या रंगाविषयी बोलणार नाही.

प्रत्येक घरातील वही वेगळी असेल. एखादी मुलगी काहीच लावणार नाही, एखादी थोडे अधिक लावील. परीक्षेच्या दिवसांत यादी लहान होईल, लग्नसराईत मोठी. त्यावरून कोणाच्या संस्कारांचे माप काढू नये. वडीलधाऱ्यांनी पाहायचे ते इतकेच: वस्तू निर्दोष आहे का, तिच्यामागे हौस आहे की भीती, आणि मर्यादा मुलीने स्वतः ठरवली आहे का. हौसेला परिमाण पुरते. भीतीला कोणतीही डबी पुरत नाही. आणि ती भीती बहुधा मोठ्यांनीच दिलेली असते, म्हणून ती परत घेण्याचे कामही मोठ्यांचेच आहे.

त्याचा आरंभ पुढील परिचय संमेलनाच्या अर्जापासून करता येईल. अर्जात जन्मतारीख, शिक्षण, उंची असू द्यावी. 'वर्ण' हा रकाना मात्र छापण्यापूर्वीच खोडावा.