आजोबांची बिडी, आजीची मिशरी

तुमच्या घरात बिडी ओढणारं कुणी आहे? मग हे वाक्य तुम्ही ऐकलंच असणार : 'पन्नास वर्षं ओढतोय, माले काय व्हयनं?' शहादा-तळोद्याकडच्या कुठल्याही ओट्यावर हा पुरावा बसलेला सापडतो. ज्यांना छातीच्या आजाराने पन्नाशीतच नेलं, ते ओट्यावर बसून बोलायला येत नाहीत ना!

माहिती सगळ्यांना आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या ९२.४ टक्के प्रौढांनी सांगितलं, की धूम्रपानाने गंभीर आजार होतात. पण पाकिटावरचं ते चित्र कायम दुसऱ्याचं असतं. स्वतःचा धोका मोजताना आपण घरातल्यांकडे बघतो.

धडगाव-अक्कलकुव्याहून होस्टेलला आलेल्या मुलाला बिडी म्हणजे तेंदूचं पान, नैसर्गिक, 'केमिकल' सिगारेटमध्ये. नंदुरबार शहरातल्या मुलाला उलटं वाटतं : बिडी घाण, आपली 'लाइट' बरी. दोघंही चुकतायत. बिडी विझू नये म्हणून सारखे, जोरात झुरके घ्यावे लागतात, त्यामुळे टार आणि कार्बन मोनॉक्साइड बहुतेकदा सिगारेटपेक्षा जास्तच आत जातं. आणि 'लाइट'वाला खोल ओढून हिशेब पुरा करतो.

मुलींचं तर विचारूच नका. मुलीने सिगारेट पेटवली, तर घरात फुफ्फुसांवर कुणी बोलत नाही, थेट लग्नावर बोलतात. आजीची मिशरी मात्र 'दात घासणं'! त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, धूर नसलेली तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. ज्याला आपण व्यसन म्हणतच नाही, ते सहापटीहून मोठं आहे.

'कायदा आहे की', म्हणाल. आहे. १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकायची नाही, शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत तर कुणालाच नाही, २०२० पासून राज्यात सुटी सिगारेट-बिडीही नाही. पण सात वर्षांच्या पोराला 'जा रे, बंडल घेऊन ये' म्हणणारा बाप टपरीवाल्याच्या आधी येतो. त्या पोरासाठी बिडी म्हणजे साखर-चहापत्तीसारखं किराणा सामान.

म्हणून ३१ मेच्या पोस्टर स्पर्धेतल्या कवट्या आता पुरे, असं माझं मत. घरात महिनोन्‌महिने खोकणारं कुणी असेल, तर त्यांना सरकारी दवाखान्यात न्या. धूम्रपानाने टीबीचा धोकाही वाढतो, तीही तपासणी करून घ्या. तंबाखू सोडायला मदत करणारी मोफत क्विटलाइन आहे : १८००-११-२३५६. आजोबा स्वतःहून फोन करणार नाहीत, तुम्हीच लावून द्या.