मागच्या सीटवरचे कान

गाडीची म्युझिक सिस्टीम बदलायची ठरली, की घरात मुलांचं मत घेतात आणि दुकानात विक्रेत्याचं. मागच्या सीटवर बसणाऱ्या आजीला कोणी काही विचारत नाही. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. गाडीत नेहमी बसणाऱ्यांपैकी जे सगळ्यांत वयस्क असतील, त्यांच्या कानांना मानवेल अशीच सिस्टीम घ्यावी.

तरुणपणी आपल्याला ठेका हवा असतो. दरवाजे थरथरले की गाणं छान लागलंय असं वाटतं. आमच्याही डिकीत बरीच वर्षं सबवूफर होता. प्रवासाचे डबे, पाण्याचा कॅन आणि बॅगा त्याच्या भोवती कशाबशा बसवाव्या लागायच्या. पन्नाशी आली आणि आमचं ऐकणंच बदललं. आता भावगीतं लागतात, नाट्यगीतं लागतात, पहाटे निघालो तर भक्तामर स्तोत्र. या सगळ्यांत जीव असतो तो शब्दांत. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, तेव्हा लोकांनी ते साध्या रेडिओवरच ऐकलं. त्या रेडिओत कसला आलाय बास! तरी गदिमांचे शब्द घराघरांत पोचले.

वयाबरोबर आवड बदलते, तसे कानही बदलतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. वय वाढतं तसे त्यातले वरचे, बारीक आवाज आधी कमी होतात. स, श, फ, थ यांसारख्या अक्षरांची ओळख याच वरच्या भागातून पटते. म्हणून आजी म्हणतात, "बोलतायत ते कळतं, पण काय बोलतायत ते कळत नाही." त्यात टायरची आणि रस्त्याची घरघर असतेच. आवाज मोठा करावा, तर बासही तेवढाच वाढतो. शिवाय वयस्क कानांना थोडं वाढवलेलंही एकदम असह्य होतं. लगेच "कमी कर गं" येतं.

माझ्या सासूबाई गाडीत बसल्या की त्यांचा डोळा लागतो, असं आमच्या घरात सगळे धरून चालायचे. मागचे स्पीकर बदलले आणि सांगली-कोल्हापूर रस्त्यावर मागून भक्तामराचे श्लोक ऐकू येऊ लागले. सासूबाई बरोबरीने म्हणत होत्या. ऐकू येत नाही म्हणून माणूस गप्प बसतो आणि आपण समजतो त्याला झोप आली. गाडीतच काय, घरातही हे होतं.

जाणकार सांगतात की सगळा पैसा पुढच्या स्पीकरवर घाला. गाडी चालवणाऱ्यासाठी ते बरोबरच आहे. पण आपल्याकडे वडीलधारी मंडळी मागे बसतात. मागच्या दारातला स्पीकर खाली असतो, त्यावर पाय आणि साडीच्या निऱ्या येतात. बारीक आवाज सरळ रेषेत जातात, त्यामुळे ते तिथेच अडतात. म्हणून मागेसुद्धा वेगळा, थोडा वर बसवलेला ट्वीटर हवा. दारांच्या आतल्या पत्र्याला आवाज शोषणारी शीट लावली, तर पत्र्याचा खडखडाट आणि बाहेरची घरघरही कमी होते. सबवूफरचा विचार त्यानंतर.

आणि खर्चाच्या आधी फुकटचे उपाय करून बघा. सेटिंगमध्ये बास दोन-तीन घरं खाली आणा, ट्रेबल थोडं वाढवा, आवाज जरा मागच्या बाजूला सरकवा. अनेक गाड्यांत एवढ्यानेच काम होतं.

मुलगा म्हणतो, "आई, गाण्यातली मजाच गेली." त्याचं अगदीच चूक नाही. बास पूर्ण काढला तर तबलाही पोकळ वाटतो. तो हवाच, पण शब्दांवर स्वार होणारा नको. आणि मोठ्या आवाजाची किंमत पुढे त्याच्याच कानांना मोजावी लागणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. रोज बंद काचांआड दणदणाट ऐकणाऱ्याचे ते ४ तास किती लवकर संपतील, याचा हिशोब त्यानेच करावा.

तेव्हा मैत्रिणींनो, दुकानात जाताना आजी-आजोबांना बरोबर न्या. त्यांना मागे बसवा, गाडी सुरू ठेवा. विक्रेत्याचं दणकेबाज डेमो गाणं बाजूला ठेवून आपल्या फोनवरचं एखादं प्रवचन लावा आणि त्यांना विचारा, "काय म्हणाले?" त्यांनी वाक्य जसंच्या तसं सांगितलं, तरच पैसे द्या.